पैसा हरवायची शर्यत

फिनलंडमधल्या एखाद्या गावाबाहेरच्या खडी-मातीच्या ट्रॅकवर सोळा वर्षांचा पोरगा शर्यत जिंकतो. गाडी त्याच्याहून वयाने मोठी. बाजूच्या काचा काढलेल्या, पुढच्या काचेच्या जागी लोखंडी जाळी, आणि मूळ रंग कुठला होता ते आता फक्त कागदपत्रांनाच ठाऊक. पोरगा हेल्मेट काढून चेहऱ्यावरचा चिखल पुसतोय, तोवर आयोजकांच्या टेबलापाशी एक प्रतिस्पर्धी जाऊन ठरलेली किंमत मोजतो आणि ती जिंकलेली गाडी मागतो. पोराला ती द्यावी लागते. नाही म्हटलं तर गाडी राहते, पण शर्यतीचं लायसन्स जातं.

हा दरोडा नव्हे, नियम आहे. या प्रकाराला तिकडे 'योकामिएहेनलुओक्का' म्हणतात; नाव उच्चारून होईपर्यंत एक फेरी पूर्ण होते. शेजारच्या स्वीडनमध्ये हाच खेळ 'फोल्करेस' या सुटसुटीत नावाने चालतो. शर्यत संपली की गाड्या विक्रीला. किंमत सगळ्यांची एकच. फिनलंडमध्ये ती अलीकडे दीड-दोन हजार युरोंच्या घरात राहिली आहे. एकाच गाडीवर दहा जणांचा डोळा असेल तर चिठ्ठ्या टाकतात.

म्हणजे हिशेब सरळ. पाच हजार युरोंचं इंजिन घातलं तर शर्यत जिंकता येईल, पण संध्याकाळी तेच इंजिन दुसरा कुणीतरी दीड-दोन हजारात घरी नेईल. म्हणून कुणी घालत नाही. खर्च तपासायला माणूस नेमायला नको, पावत्या नकोत, अपिलं नकोत. माणसाच्या हावेवर शेजाऱ्याच्या हावेचा पहारा. या देशाने फॉर्म्युला वनला केके रोसबर्ग, मिका हॅकिनेन आणि किमी रायकोनेन असे तीन विश्वविजेते दिले. पण प्रस्तुत लेखकाच्या मते फिनलंडची मोटर स्पोर्टला खरी देणगी म्हणजे ते विक्रीचं टेबल.

प्रस्तुत लेखकाची ओळख करून देणं इथे भाग आहे. तो चाळिशी ओलांडलेला, गृहकर्जाचा निम्मा घाट चढलेला गृहस्थ आहे. त्याला कार रेसिंग करायचं आहे आणि त्यात पैसे घालवायचे नाहीत. ही इच्छा ऐकून लोक हसतात. नातेवाईक तर दोनदा हसतात, एकदा समोर आणि एकदा फोन ठेवल्यावर. पण जगात पाऊणशे वर्षांहून अधिक काळ काही डोकेबाज मंडळी नेमका हाच प्रश्न सोडवत बसली आहेत: शर्यतीत पैशाला मागे कसं टाकायचं? पैसा हा भलता चिवट स्पर्धक. इंजिनातून हाकलला की टायरमधून आत येतो, टायरमधून हाकलला की मेकॅनिकच्या खिशातून.

अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर थट्टेने दिलं गेलं. जे लॅम नावाच्या मोटर-पत्रकाराने २००६ साली कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँट ट्रॅकवर 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स' सुरू केली. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या थोर शर्यतीची ही उघड टवाळी. अट एकच: गाडी ५०० डॉलरपेक्षा महाग नसावी. आजच्या भावाने पंचेचाळीस हजार रुपये धरा. एवढ्या पैशांत आपल्याकडे बरा फोनसुद्धा घासाघीस करून घ्यावा लागतो.

आता ५०० डॉलरची गाडी खरोखर ५०० डॉलरची आहे, हे कोण ठरवणार? त्यासाठी न्यायाधीश बसतात. स्पर्धक त्यांच्यापुढे पावत्या, फोटो आणि करुण कहाण्या मांडतात. इंजिन मेव्हण्याने फुकट दिलं, गिअरबॉक्स शेतात पडला होता, वगैरे. गाडीतल्या नको असलेल्या वस्तू विकून आलेले पैसे खर्चातून वजा करता येतात; ज्या घरात वर्षाची रद्दी विकून दिवाळीच्या पणत्या येतात, तिथे ही पद्धत समजावून सांगायला नको. न्यायाधीशांना पटलं नाही, तर मर्यादेच्या वरच्या प्रत्येक दहा डॉलरमागे एक फेरी कापतात. त्यांना लाच चालते, आणि ती सगळ्यांदेखत द्यायची असते. बाटली, खाऊ, काहीही. मात्र लाच घेऊन काम होईलच अशी हमी नाही. एवढ्याच बाबतीत हा खेळ अजून मागासलेला आहे.

मग गाड्यांचे तीन वर्ग पाडतात. अ वर्गात जिंकू शकतील अशा, ब वर्गात शेवटपर्यंत पोचतील अशा, आणि क वर्गात 'देवाक काळजी' अशा. गंमत म्हणजे सर्वांत मानाचं बक्षीस पहिल्या आलेल्याला मिळत नाही. 'इंडेक्स ऑफ एफ्लुएन्सी' नावाचा हा मान ज्या गाडीने ट्रॅकवर यायचंही धाडस करायला नको होतं आणि तरी जी बऱ्यापैकी पळाली, तिच्याकडे जातो. वॉशिंग्टनमधला जेफ ब्लॉक हा पोलीस अधिकारी या जातीच्या गाड्या बनवण्यात प्रसिद्ध झाला. त्याने जुन्या सेसना विमानाचं धड टोयोटाच्या व्हॅनवर चढवून ते शर्यतीत पळवलं. दुसऱ्या वेळी शेव्हरोलेच्या कॅमेरो गाडीचं शरीर छोट्या फोर्डवर उलटं बसवलं, म्हणजे चाकं आकाशाकडे. मागून येणाऱ्या स्पर्धकाला अपघात झाला की अपघात पळतोय, हेच कळेना.

बक्षिसाची रक्कम निकेलमध्ये, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यांत, द्यायची तिथली प्रथा. निकेलचं एक नाणं बरोबर ५ ग्रॅमचं. तेव्हा ५०० डॉलर म्हणजे १०,००० नाणी आणि ५० किलो वजन. जिंकलेल्या संघाला परतीच्या प्रवासात एक जादा उतारू मिळतो. आणि जे ट्रॅकवर दांडगाई करतील त्यांना दंडाच्या फेऱ्यांऐवजी शिक्षा: कुणाच्या टपावर लोखंडी शिल्प वेल्ड करून टाकतात, कुणाला तोंड रंगवून सगळ्यांपुढे मूकाभिनय करायला लावतात. चिडून चालवणाऱ्या माणसाचा राग उतरवायचा याहून स्वस्त उपाय प्रस्तुत लेखकाने ऐकलेला नाही. पुण्याच्या सिंहगड रोडवर तो लागू करता येईल का, याचा विचार संबंधितांनी करावा.

पण आता खोच. त्या ५०० डॉलरमध्ये सुरक्षेची साधनं धरत नाहीत. ब्रेक, टायर, आतला पोलादी पिंजरा, रेसिंगची सीट, पट्टे, अग्निशामक, हे सगळं वेगळं; आणि त्यावर कमाल मर्यादा नाही. पिंजरा चांगल्या माणसाकडून वेल्ड करून घ्यायचा तर गाडीच्या तिप्पट पैसे सहज जातात. हेल्मेट स्नेल एसए प्रमाणपत्राचं लागतं; दुचाकीचं चालत नाही, कारण ते आगीत काय करतं हे तिथे तपासलेलंच नसतं. मग न पेटणारा सूट, न पेटणारे हातमोजे, न पेटणारे बूट. मान वाचवणारी पट्ट्याची चौकट. हा सगळा सरंजाम अंगावर चढवून माणूस गाडीत बसतो तेव्हा गाडीपेक्षा त्याचे कपडे महाग असतात. लग्नाच्या वरातीतल्या घोड्यावर बसलेल्या नवरदेवासारखं.

प्रस्तुत लेखकाच्या पत्नीने ही यादी शांतपणे वाचली. "अहो, ज्या खेळाला न पेटणारे कपडे लागतात," त्या म्हणाल्या, "तो स्वस्त आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

सांगितलं इंग्रजांनी. १९३९ साली तिकडे ७५० मोटर क्लब निघाला. १९२२ पासून विकली जाणारी ऑस्टिन सेव्हन ही ७४७ सीसीची चिमुकली गाडी इंग्लंडात घरोघर होती आणि जुनी झाली की कवडीमोल मिळायची. महायुद्धानंतर क्लबने ठरवलं, की याच गाडीच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर ज्याला जे जमेल ते घरच्या घरी बांधून पळवा. पैसा नको, हातोडी आणा. गरिबांची शर्यत म्हणून ही कल्पना नामी होती. पण पैसा बाहेर ठेवताना क्लबने अक्कल बाहेर ठेवायची तजवीज केली नव्हती.

ती अक्कल कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरिंगच्या पोराच्या रूपाने आली. त्याने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली, तीही मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. भावी सासऱ्यांची जागा, भावी सासऱ्यांची वीज. स्वस्त रेसिंगचं हे सूत्र आजही कुणी सुधारलेलं नाही. मग १९५१ साली त्याने त्या इंजिनाचा एक दोष हेरला. ऑस्टिनच्या चार सिलिंडरांना हवा आणि पेट्रोल आत घ्यायला दोनच वाटा होत्या, दोन-दोन सिलिंडरांत एक. त्या वाटांच्या मधोमध चॅपमनने पत्र्याचा पडदा बसवला, म्हणजे चारही सिलिंडरांची चूल वेगळी झाली. खर्च जवळजवळ शून्य. गाडी इतकी पळाली, की बाकीच्यांना तिचं मागचं टोकच दिसायचं. क्लबने लगेच पुढच्या मोसमासाठी त्या युक्तीवर बंदी घातली. पैशाला बंदी घालणाऱ्या खेळात पत्र्याच्या तुकड्यालाही बंदी घालावी लागली. चॅपमनची ती गाडी लोटस मार्क थ्री. पुढे लोटसने फॉर्म्युला वनमध्ये काय केलं ते सांगायची गरज नाही. तिथे मात्र पैसे लागले.

तर आता आपल्या अंगणात.

रस्त्यावरची शर्यत ही सर्वांत स्वस्त, असा काही तरुणांचा समज असतो. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय घरच्या गाडीची विमा पॉलिसी काढून बारीक अक्षरं वाचावीत. त्यात भाड्याने देणं आणि मालवाहतूक यांच्या पंगतीतच संघटित शर्यत, पेस मेकिंग आणि स्पीड टेस्टिंग बसवलेली असतात. विमा कंपनीच्या लेखी रेसिंग करणारा आणि गाडीच्या डिकीतून कांद्याची पोती वाहणारा हे सख्खे भाऊ.

अधिकृत मार्ग मोटर स्पोर्टच्या फेडरेशनच्या लायसन्सचा. त्यात सर्वांत साधा प्रकार ऑटोक्रॉस. अमेरिकेत तो मोठ्या पार्किंगच्या मोकळ्या डांबरावर, ऑफिसला जायच्या गाडीतूनच होतो. नारिंगी शंकू मांडलेले असतात, त्यांतून नागमोडी वाट काढायची, आणि शंकू पाडला की वेळेत दोन सेकंदांची भर. एक फेरी मिनिटभराची. दिवसाकाठी अशा चार-सहा फेऱ्या, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उन्हात पळत जाऊन उभे करायचे. म्हणजे पाच मिनिटं शर्यत आणि पाच तास श्रमदान. खर्च खरोखर कमी, कारण कामगार फुकट. आपल्याकडचा ऑटोक्रॉस मात्र बहुधा मातीच्या मैदानावर होतो. तिथून घरची हॅचबॅक परत आली की सोसायटीचा वॉचमन आधी गेट उघडत नाही आणि मग दोन दिवस चौकशी करतो.

कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय उत्तर शोधलं होतं. देशात दर दुसऱ्या दारात मारुती ८०० उभी, तिचे सुटे भाग कोपऱ्यावर, तिचा मेकॅनिक झाडाखाली. मग तिचंच ७९६ सीसीचं इंजिन एकआसनी रेसिंग कारमध्ये का घालू नये? फॉर्म्युला मारुती अशी जन्मली. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नरेन कार्तिकेयन सुरुवातीला हिच्यातच बसला होता. भाजी आणायला जाणाऱ्या इंजिनावर घडलेला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर! कोइंबतूरजवळच्या ट्रॅकला आज करिवर्धन यांचं नाव आहे, आणि मारुतीच्या १३०० सीसी इंजिनाच्या एकआसनी गाड्या अजूनही नवशिक्यांना शर्यतीत आणतात.

महाराष्ट्रात रेसिंगचा वास घ्यायचा तर कोल्हापूर. मोहित्यांच्या तिथल्या कार्टिंग ट्रॅकने या शहराला तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर आणखी एक तिखट व्यसन लावलं. पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावलेला कृष्णराज महाडिक हा कोल्हापूरचाच. राष्ट्रीय पातळीवरच्या रोटॅक्स मॅक्स कार्टिंगमध्ये पैशाला अडवायची तऱ्हा पुन्हा वेगळी: १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन सीलबंद येतं. उघडायचं नाही. बिघडलं तर अधिकृत माणसाकडेच उघडायचं. म्हणजे श्रीमंताच्या आणि गरिबाच्या इंजिनाला सील एकच. पण टायर घासतात, प्रवास होतो, हॉटेलं लागतात, आणि मोसमाचा खर्च लाखांतच जातो. सील फक्त इंजिनाला आहे, पाकिटाला नाही. शिवाय इथे खरी स्पर्धा कोवळ्या वयाच्या पोरांशी. ती वजनाने हलकी, नजरेने तीक्ष्ण, आणि त्यांच्यामागे गृहकर्ज नसतं.

राहता राहिली टीएसडी रॅली. टाइम, स्पीड, डिस्टन्स. घरची गाडी, साधा रस्ता, वेगमर्यादेच्या आतला वेग. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, जी १९१९ची आहे, स्त्रियांची अशी रॅली ॲम्बी व्हॅलीपर्यंत नेते. हातात रोडबुक असतं, त्यात बाण आणि टिंबांच्या आकृत्या, ज्यांना जगभर ट्युलिप म्हणतात. पद्धत हॉलंडच्या ट्युलिप रॅलीमुळे रूढ झाली. दिलेल्या सरासरी वेगाने जायचं, वाटेत कुठेतरी लपलेला माणूस तुमची वेळ टिपतो. उशीर झाला तर दंड. आणि लवकर पोचलात तर बऱ्याच ठिकाणी दुप्पट दंड! लवकर गेल्याबद्दल दंड आकारणारी कार रेस ही कल्पना पचायला प्रस्तुत लेखकाला दोन कप चहा लागला.

बाकी हा प्रकार स्वस्त यात शंका नाही. पेट्रोल आणि प्रवेश फी. पिंजरा नको, न पेटणारे बूट नकोत. गरज एकच, ती शेजारच्या सीटवर नकाशा सांगणाऱ्या नॅव्हिगेटरची, आणि बहुतेक घरांत ते पद बिनविरोध भरलेलं असतं. फरक एवढाच, की इथे तिच्या सूचना मिनिट-सेकंदांत येतात आणि त्या बरोबर होत्या हे संध्याकाळी निकालपत्रावर छापून मिळतं. संसारात असा लेखी पुरावा सहसा उपलब्ध नसतो. प्रस्तुत लेखकाचा कल याच प्रकाराकडे आहे. घरात वाटाघाटी चालू आहेत, आणि ड्रायव्हर कोण होणार हा मुद्दा अजून मिटलेला नाही.

खरं तर स्वस्तात रेसिंग करायची वेळ कॉलेजात असते. फॉर्म्युला स्टुडंट ही स्पर्धा अमेरिकेत १९८१ साली सुरू झालेल्या फॉर्म्युला एसएईची शाखा. तिचं मूळ गृहीतकच असं, की विद्यार्थ्यांनी शनिवार-रविवार ऑटोक्रॉस करणाऱ्या हौशी माणसासाठी गाडीचा नमुना बनवायचा. म्हणजे नकळत सगळे प्रस्तुत लेखकासाठीच राबताहेत. आयआयटी मुंबईचा संघ विजेवर चालणारी गाडी घेऊन इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनला जातो. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं याच धर्तीच्या फॉर्म्युला भारतसाठी कोइंबतूर गाठतात. वर्षभर वर्कशॉपमध्ये रात्री जागायच्या, मेसचा डबा थंड करून खायचा, हजेरीसाठी सरांपुढे उभं राहायचं.

आणि या स्पर्धेत खर्चाचीच एक वेगळी परीक्षा असते. गाडी कितीही पळो, तिच्या प्रत्येक भागाची किंमत कागदावर मांडावी लागते: नट, बोल्ट, वॉशर, वेल्डिंगची लांबी, ड्रिलने पाडलेलं भोक. परीक्षक समोर बसून विचारतात, हा भाग असाच का, स्वस्तात का नाही झाला? एकविसाव्या वर्षी वॉशरचं समर्थन करायला शिकलेला मुलगा पुढे आयुष्यात किराणाच्या यादीला घाबरत नाही.

एवढं करून गाडी चालवायला कितींना मिळते? संघात पंचवीस-तीस जण. शेवटची सहनशक्तीची फेरी साधारण २२ किलोमीटरची, तीही दोन ड्रायव्हरांत विभागलेली. ११ किलोमीटरनंतर गाडी थांबवायची, तीन मिनिटांत ड्रायव्हर बदलायचा आणि तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करायचं. कित्येक गाड्या इथेच दगावतात. दुसरा पोरगा पट्टे आवळून बसतो, बटण दाबतो, इंजिन खोकतं, पुन्हा दाबतो, आणि तेवढ्यात मुदत संपते. वर्षभर त्याने रोज रात्री वेल्डिंग केलेलं असतं आणि त्याच्या वाट्याला शून्य किलोमीटर आलेले असतात. हॉटेलच्या खोलीत त्याच रात्री भोसरी-चाकणच्या कारखानदारांना पाठवायच्या पुढच्या वर्षीच्या मदतपत्राचा मसुदा सुरू होतो. त्यात एक वाक्य असतं: 'आमच्या गाडीने अकरा किलोमीटरचे अंतर यशस्वीरीत्या पूर्ण केले.'